घाना

घाना : पश्चिम आफ्रिकेतील गिनीच्या आखातावरील एक प्रजासत्ताक. क्षेत्रफळ सु. २,३८,५०० चौ. किमी. लोकसंख्या सु. ३ कोटी ८ लाख (२०२१). पश्चिमेस आयव्हरी कोस्ट, उत्तरेस बुर्किना फासो, पूर्वेस टोगो व दक्षिणेस अटलांटिक महासागर. राजधानी अक्रा; कुमासी, तामाले, सेकोंडी-ताकोराडी, केप कोस्ट ही इतर प्रमुख शहरे. अक्राजवळच्या टेमा या बंदरातून ग्रिनिच रेखावृत्त जाते. राजभाषा इंग्रजी असली, तरी बाजारात आणि मैदानावर ट्वी, फान्टे, गा, एवे, दागबानी या भाषा ऐकू येतात. सुमारे सत्तर टक्के लोक ख्रिस्ती आहेत. मुसलमानांचे प्रमाण एक-पंचमांश असून उत्तरेकडे त्यांची वस्ती दाट आहे.

किनारपट्टी सपाट आणि पूर्वेकडे बरीच कोरडी आहे. नैर्ऋत्येस पावसाचे दाट अरण्य, तर उत्तरेस गवताळ माळ. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सहाराकडून येणारा हरमाटन वारा धूळ घेऊन येतो आणि हवा कोरडी पडते. देशाचे पाणी मुख्यत्वे व्होल्टा नदीचे. तिच्यावर अकोसोंबो येथे १९६५ मध्ये धरण पूर्ण झाले आणि सुमारे ८,५०० चौ. किमी.चे सरोवर तयार झाले. त्यासाठी सुमारे ८०,००० माणसांना घरे सोडावी लागली. या धरणाच्या विजेचा मोठा वाटा दीर्घकाळ टेमाच्या ॲल्युमिनियम कारखान्याकडे गेला.

इतिहास : सोन्याच्या शोधात आलेल्या पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये एल्मिना येथे किल्ला बांधला. १६३७ मध्ये तो डचांनी घेतला, १८७२ मध्ये इंग्रजांकडे गेला. सोन्याचा व्यापार मागे पडून माणसांचा व्यापार सुरू झाला, तेव्हा एल्मिना आणि केप कोस्टच्या तळघरांत हजारो स्त्री-पुरुष जहाजांची वाट पाहत कोंडले गेले. आतल्या प्रदेशात कुमासीच्या अशांटी राज्याने इंग्रजांशी जवळजवळ शतकभर झुंज दिली. राज्याचे प्राणतत्त्व मानले जाणारे सुवर्णासन गव्हर्नरने १९०० मध्ये मागितले, तेव्हा एजिसूची राजमाता याआ असांतेवा हिने लढ्याचे नेतृत्व केले. राज्य खालसा झाले, पण आसन इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाही.

‘गोल्ड कोस्ट’ ही वसाहत ६ मार्च १९५७ रोजी क्वामे एन्क्रुमा यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र झाली. सहाराच्या दक्षिणेकडील वसाहतींच्या मुक्तीची ही नांदी होती. १९६६ मध्ये लष्कराने एन्क्रुमांना पदच्युत केले आणि पुढची पंचवीस वर्षे बहुतांशी बंडे आणि लष्करी राजवटींत गेली. १९९२ च्या राज्यघटनेनंतर मात्र सत्ता मतपेटीतूनच बदलत आली आहे. २००१, २००९, २०१७ आणि २०२५ या चारही वेळी विरोधी पक्षाकडे ती शांतपणे गेली, हे या भागातील घडामोडी पाहता लहान यश नव्हे. राष्ट्राध्यक्षांचे जुबिली हाउस भारताच्या कर्जातून उभे राहिले. ते मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने बांधले.

अर्थव्यवस्था : कोको, सोने आणि २०१० पासून समुद्रातले तेल. टेटे क्वार्शी या कारागिराने १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून कोकोचे बी आणून लावले, आणि पुढे काही दशकांतच छोट्या शेतकऱ्यांच्या बागांनी दक्षिणेचा चेहरा बदलला. आज कोको उत्पादनात घानाचा क्रमांक आयव्हरी कोस्टच्या खालोखाल लागतो. बरेचसे दाणे मात्र कच्चेच परदेशी जातात आणि चॉकलेटचा नफा तिकडेच राहतो. सोन्याच्या बेकायदा खाणकामाने, ज्याला तेथे ‘गालामसे’ म्हणतात, प्रा आणि अंकोब्रा नद्यांचे पाणी गढूळ आणि विषारी झाले असून कोकोच्या बागाही उकरल्या जात आहेत.

फुटबॉल : केप कोस्टच्या सरकारी शाळेतील मुलांनी १९०३ मध्ये ‘एक्सेल्सियर’ हा संघ काढला. १९११ मध्ये अक्रात ‘हार्ट्स ऑफ ओक’ आणि १९३५ मध्ये कुमासीत ‘असांते कोटोको’ स्थापन झाला. साळिंदर हे अशांटींचे युद्धचिन्ह कोटोकोने आपल्या पोशाखावर घेतले आणि अशांटी राजा हा आजही या संघाचा आश्रयदाता आहे. हार्ट्स आणि कोटोको यांच्यातील चुरस म्हणजे किनारा विरुद्ध अरण्यप्रदेश, राजधानी विरुद्ध जुने राज्य अशी आहे. कोटोकोने १९७० आणि १९८३ मध्ये, तर हार्ट्सने २००० मध्ये आफ्रिकेतील क्लब-विजेतेपद मिळवले.

राष्ट्रीय संघाचे ‘ब्लॅक स्टार्स’ हे नाव ध्वजावरील काळ्या ताऱ्यावरून आले. मूळ प्रेरणा मार्कस गार्व्ही यांच्या ‘ब्लॅक स्टार लाइन’ या जहाज कंपनीची. हा ध्वज रेखाटणाऱ्या थिओडोसिया ओको यांनी पुढे देशात हॉकी रुजवली, ही गोष्ट भारतीय वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी.

घानाच्या फुटबॉलची चर्चा आता बहुधा २०१० च्या विश्वचषकापासून सुरू होते. खरे मोठेपण त्याच्या कितीतरी आधीचे आहे. एन्क्रुमांनी फुटबॉलला परराष्ट्र धोरणाचे अंग मानले. स्वातंत्र्याच्या वर्षीच स्टॅन्ली मॅथ्यूज अक्रात येऊन हार्ट्सकडून खेळले. क्रीडाप्रमुख ओहेने जान यांनी संघटना उभी केली आणि जर्मनीत खेळून आलेले सी. के. ग्याम्फी प्रशिक्षक झाले. १९६३ मध्ये अक्रात सुदानला ३-० आणि १९६५ मध्ये ट्युनिसमध्ये यजमानांना ३-२ असे हरवून घानाने लागोपाठ दोनदा आफ्रिका चषक जिंकला.

याच काळातला एक निर्णय चषकांहून मोठा ठरला. १९६६ च्या विश्वचषकासाठी फिफाने आफ्रिका, आशिया आणि ओशिॲनिया यांना मिळून एकच जागा ठेवली होती. एन्क्रुमा आणि ओहेने जान यांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि आफ्रिकी देशांनी पात्रता फेरीतून माघार घेतली. इंग्लंडमधील ती स्पर्धा आफ्रिकेविना झाली. १९७० पासून आफ्रिकेला स्वतःची हक्काची जागा मिळाली. भरात असलेल्या पिढीने विश्वचषकाची संधी सोडली आणि तिचे फळ पुढे मोरोक्कोपासून सेनेगलपर्यंत सर्वांनी चाखले. घानाला स्वतःला ते चाखायला २००६ पर्यंत थांबावे लागले.

१९७८ मध्ये मायदेशी आणि १९८२ मध्ये लिबियात आणखी दोन आफ्रिका चषक मिळाले. त्यानंतर एकही नाही. १९९२ च्या अंतिम सामन्यात कर्णधार आबेदी पेले निलंबित होता आणि आयव्हरी कोस्टने पेनल्टी किकवर ११-१० ने जिंकले. २०१५ मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याकडून त्याच रीतीने ९-८ असा पराभव झाला. कुमार व युवा गटांत मात्र १९९१ आणि १९९५ चा १७ वर्षांखालील, तर २००९ चा २० वर्षांखालील विश्वचषक घानाने जिंकला. १९९२ चे ऑलिंपिक कांस्यपदक हे आफ्रिकेचे फुटबॉलमधील पहिले ऑलिंपिक पदक होय.

२ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्गमधील विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात, १-१ अशा बरोबरीत, जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी उरुग्वेच्या लुईस सुआरेझने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला. असामोआ ग्यानची पेनल्टी आडव्या दांड्यावर आदळली. काही मिनिटांतच पेनल्टी किकच्या फेरीत घानाचा पहिला फटका मारायला तोच पुढे आला आणि त्याने गोल केला. हे धैर्य फार कमी लोकांच्या स्मरणात आहे. फेरी उरुग्वेने ४-२ अशी जिंकली.

ग्यान, मायकेल एसियन आणि सुली मुंतारी हे तिघेही अक्राच्या ‘लिबर्टी प्रोफेशनल्स’ या छोट्या संघातून पुढे आले. निमा वस्तीतला मोहम्मद कुदूस ‘राइट टू ड्रीम’ अकादमीतून डेन्मार्कला गेला. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्स आणि मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून गोल करणारा यूसिफ याकुबूही घानाचाच. गुणी मुलगा विशीच्या आतच परदेशी जातो, आणि कोकोप्रमाणे त्याचीही खरी किंमत दुसरीकडेच वसूल होते. देशांतर्गत लीगची प्रेक्षकसंख्या घटण्याचे हे मोठे कारण.

दुसरे कारण विश्वासाचे. ९ मे २००१ रोजी अक्रात हार्ट्स-कोटोको सामन्याच्या अखेरीस चिडलेल्या प्रेक्षकांनी खुर्च्या फेकल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आणि बंद दरवाजांपाशी चेंगराचेंगरीत १२६ जणांचा बळी गेला. २०१८ मध्ये पत्रकार अनास अरेमेयाव अनास यांच्या चित्रफितीत पंच आणि फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष पैसे घेताना दिसले. लीग बंद पडली. या शोधकार्यातील सहकारी अहमद हुसेन-सुआले यांची जानेवारी २०१९ मध्ये अक्रात गोळ्या घालून हत्या झाली.

महिलांचा ‘ब्लॅक क्वीन्स’ हा संघ १९९९, २००३ आणि २००७ च्या विश्वचषकांत खेळला असून आफ्रिकी स्पर्धेत तीनदा उपविजेता ठरला आहे. आफ्रिकेतील महिला क्लबांची पहिली चॅम्पियन्स लीग २०२१ मध्ये कैरोत झाली. तिच्या अंतिम सामन्यात पोहोचलेला ‘हासाकास लेडीज’ हा संघ सेकोंडीचा होता. दक्षिण आफ्रिकेच्या मामेलोडी सनडाउन्सकडून तो ०-२ असा हरला.