मुंबईच्या भाड्याच्या चाळी : दुरुस्ती कोणी करायची?

इमारतींच्या दुरुस्तीचा धडा शिकवताना मी वर्गात दोन प्रश्न विचारतो. पहिला : छत का गळते? उत्तरे लगेच येतात. गिलाव्याला तडे गेले, उतार चुकला, जलरोधक थर संपला. दुसरा प्रश्न : हे सगळे ठाऊक असूनही ते छत वीस वर्षे तसेच का गळत राहिले? याचे उत्तर बांधकामशास्त्रात सापडत नाही, त्यासाठी इतिहासाकडे जावे लागते. मुंबईच्या चाळींच्या आधारे तो इतिहास आपण पाहू.

१. चाळ ही एक गुंतवणूक

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढे गिरण्या वाढल्या, कोकणातून आणि देशावरून कामगार आले आणि त्यांना राहायला जागा हवी झाली. ज्यांच्याकडे भांडवल होते त्यांनी चाळी बांधल्या. चाळ म्हणजे एका रांगेत एकेक-दोनदोन खोल्या, समोर सामाईक गॅलरी आणि टोकाला सामाईक संडास. बांधणी बहुधा लाकडी चौकटीची आणि विटा-चुन्याच्या भिंतींची असे.

मालकाचा हिशेब सरळ होता. येणाऱ्या भाड्यातून कर भरायचा, दुरुस्ती करायची, उरेल तो नफा. पण जागेची टंचाई इतकी होती की पडक्या खोलीलाही भाडेकरू मिळे. म्हणून दुरुस्तीची हयगय भाडेनियंत्रणामुळेच सुरू झाली असे समजू नका. १८९६ च्या प्लेगने या वस्त्यांची अवस्था उघडी केली आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन करावा लागला, हे त्या आधीचे आहे.

२. भाडे गोठले

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, तेव्हा १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर आणि फाळणीच्या काळात टंचाई पुन्हा तीव्र झाली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले. कायदा ठरावीक मुदतीचा होता, पण मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. दिल्ली आणि कलकत्त्यातही असे कायदे झाले. तुमच्या शहराचा कायदा जरूर शोधून पाहा.

आता हिशेब करा. समजा, चाळीत २० खोल्या आहेत आणि प्रत्येकीचे भाडे १० रुपये. वर्षाचे उत्पन्न २,४०० रुपये. चुना, लाकूड, गवंड्याची मजुरी दरवर्षी महागते. उत्पन्न मात्र २,४०० च राहते. घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य, असे त्याच कायद्यात लिहिलेले होते. म्हणजे कर्तव्य शिल्लक राहिले, पण ते पार पाडण्याचा पैसा भाड्यातून येईनासा झाला.

मालकाला काहीच मिळत नव्हते असेही नाही. पागडी होती. भाडेकरू बदलताना मोठी रक्कम हातात येई आणि तिचा वाटा मालकाकडे जाई. ही देवघेव दीर्घकाळ बेकायदा होती, पण सर्रास चाले. या पैशाचा दुरुस्तीशी संबंध नव्हता. छत गळले तरी पागडी येतच होती, कारण ती जागेच्या ठिकाणाची किंमत होती.

३. दुरुस्ती लांबली की काय होते?

सामाईक संडासातले आणि मोरीतले पाणी भिंतीत मुरते. लाकडी तुळईचे टोक भिंतीत बसवलेले असते. ते ओलाव्याने कुजते आणि बाहेरून दिसतही नाही. लोखंडी गर्डर गंजतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असल्याने तो भोवतालची वीट फोडतो, त्या फटीतून आणखी पाणी शिरते. वर भाडेकरू गरजेपोटी पोटमाळा घालतात, पाण्याची टाकी ठेवतात, भार वाढतो. पहिल्या पावसात नळ आणि उतार दुरुस्त करून भागले असते, तिथे शेवटी तुळया बदलाव्या लागतात. तोवर गॅलरीखाली टेकू लागतात आणि लोक त्या टेकूंमधून ये-जा करत राहतात.

४. शासन मधे आले

मालक खर्च करीना आणि भाडेकरूला परवडेना, तेव्हा १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला. त्यात सरकार आणि महापालिका यांच्या पैशाची भर पडली. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. १९७७ मध्ये म्हाडा स्थापन झाल्यावर हे काम तिच्याकडे गेले. अनेक इमारती यामुळे टिकल्या, पण मंडळाच्या तुटपुंज्या निधीत सगळ्यांची पुरी दुरुस्ती होणे शक्य नव्हते.

१९८६ मध्ये कायद्यात आणखी एक तरतूद आली. ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर शासन मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादित करू शकेल. आपल्या उदाहरणात ही रक्कम २०,००० रुपये होते, संपूर्ण चाळीसाठी! मालक न्यायालयात गेले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही घटनेच्या ३९(ब) या अर्थाने समाजाचे भौतिक साधन ठरत नाही.

त्याआधी १९९७ मध्ये याच न्यायालयाने गोठवलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही, असे म्हटले होते. २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडीला मान्यता दिली. मालक दुर्लक्ष करत असेल तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय आहे. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. भाडे महिना १०० रुपये असेल तर ही रक्कम होते ३०० रुपये. ३०० रुपयांत छताची दुरुस्ती होत नाही.

५. निष्कर्ष

३१ ऑगस्ट २०१७ रोजी, भर पावसाळ्यात, भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. अशा वेळी आपण लगेच दोषी शोधतो : लोभी मालक, हटवादी भाडेकरू, सुस्त शासन. मला वाटते, खरा दोष व्यवस्थेच्या रचनेत आहे. भाडेकरूला बेघर होण्यापासून वाचवणारा कायदा आवश्यकच होता. त्याने लाखो कुटुंबांना शहरात टिकवले. पण राहणाऱ्याचे संरक्षण करताना राहत्या घराच्या देखभालीचा पैसा कुठून यावा, हे ठरवायचे राहून गेले.

उद्या तुम्ही अभियंता म्हणून एखाद्या जुन्या इमारतीचा संरचनात्मक अहवाल लिहाल. तेव्हा तड्याची रुंदी मोजाच, पण भाड्याची पावतीही पाहायला मागा.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या शहरातील एका जुन्या भाड्याच्या इमारतीचे वर्षाचे भाडे आणि छताच्या दुरुस्तीचा अंदाजी खर्च यांची तुलना करा.
२. भाडे परवडणारे राहावे आणि दुरुस्तीही व्हावी, यासाठी खर्चाची वाटणी मालक, भाडेकरू आणि शासन यांच्यात कशी कराल? कारणे द्या.