हुंड्याचा कायदा आणि दोन सभागृहांचं भांडण

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत असलेल्या मित्रानं परवा विचारलं, "विधान परिषदेनं विधेयकात बदल केला आणि विधानसभेला पटला नाही, तर पुढं काय?"

आधी दिल्लीचं सांगतो. १९५९ साली हुंडाबंदी विधेयक लोकसभेत आलं. राज्यसभेनं दुरुस्त्या केल्या. 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' दिलेलंही हुंडाच धरा, हा तिचा आग्रह. लग्नातल्या भेटवस्तूंवरूनही वाद. लोकसभा ऐकेना. शेवटी कलम १०८ नुसार ६ आणि ९ मे १९६१ ला दोन्ही सभागृहांची पहिली संयुक्त बैठक झाली. राज्यसभेचे ते शब्द कायद्यात आले, पण भेटवस्तूंची सवलतही राहिली. ती आवळायला १९८४ ची दुरुस्ती लागली. तोवर 'मानपान' म्हणून काय काय खपलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मुंबईत संयुक्त बैठकीची सोयच नाही. कलम १९७ प्रमाणे परिषदेनं विधेयक फेटाळलं, न पटणारे बदल केले किंवा तीन महिने अडवलं, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करते. मग परिषदेला एकच महिना. त्यानंतर विधानसभेचंच खरं.

मित्र म्हणाला, "मग पुणे पदवीधरला नाव नोंदवायचं कशाला?"

म्हटलं, "तेवढ्या महिन्यांत गावभर बोंब तरी मारता येते, लेका!"