किल्लारीचा भूकंप आणि स्त्रियांचे तंत्रशिक्षण

स्त्रियांच्या विज्ञानशिक्षणाचा इतिहास आपण बहुधा विद्यापीठांच्या प्रवेशद्वारापाशी सुरू करतो. १९३३ साली कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारण्यात आला. आग्रहानंतर तो अटींसह मिळाला आणि १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट संपादिली. हा इतिहास खराच, पण एकांगी होय. त्याची दुसरी बाजू मराठवाड्यातील किल्लारी परिसरात आढळते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे येथे सुमारे ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. ज्या भूखंडास स्थिर मानण्यात येई, त्याच्याच अंतर्भागात तो उद्भवला. त्या वेळच्या भूकंपनकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. परिमाण मध्यम असता एवढी प्राणहानी का व्हावी? केंद्र भूपृष्ठाच्या निकट होते, हे एक कारण. दुसरे घरांच्या रचनेत होते. मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे आतील व बाहेरील थर आरपार दगडांनी जोडलेले नव्हते, आणि माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेले होते. धक्क्यासरशी भिंती फुटल्या व माथ्यावरचा भार निद्रिस्तांवर कोसळला.

पुनर्वसनकार्यात काही गावे नव्याने वसली, तर लाखाहून अधिक घरांची जागच्या जागी दुरुस्ती व बळकटी योजिली गेली. या दुसऱ्या कामात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या सहकार्याने गावोगावच्या स्त्रियांची ‘संवाद सहायक’ म्हणून नेमणूक झाली. भिंतीत आरपार दगड का हवेत, पट्टा कशासाठी बांधावयाचा, हे त्यांनी प्रथम स्वतः समजून घेतले व मग घरमालकांस समजाविले. पुढे २००१ च्या कच्छ भूकंपानंतर लातूर परिसरातील स्त्रिया तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगावयास गेल्या.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. सोहोनींना ज्ञान हवे होते, पण संस्थेचे दार बंद होते. किल्लारीच्या स्त्रियांपर्यंत ज्ञान स्वतःच आले, परंतु आपत्तीच्या मागून आले, आणि त्यास पदवीची मुद्रा लाभली नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी भिंती सारविल्या, त्यांना त्या भिंतीचा दोष ओळखण्याची विद्या कोणी दिली नव्हती. तेव्हा मुलींच्या विज्ञानशिक्षणाचा प्रश्न केवळ समान संधीचा नाही. तो घराच्या सुरक्षिततेचाही आहे. मराठवाड्यातील शाळेत भूशास्त्राचा व स्थापत्याचा पहिला धडा गावातील भिंतीपासूनच सुरू व्हावा आणि त्याची वाट महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचावी. तसे झाले तर पुढील पिढीतील मुलींना हे ज्ञान भूकंपाकडून शिकावे लागणार नाही.