अंगणवाडीतील आहार व त्याचा दर्जा

अंगणवाडीतील आहार : तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडीत रोज दिला जाणारा सकाळचा अल्पोपहार आणि त्यानंतरचे शिजवलेले जेवण यांना मिळून ही संज्ञा वापरली जाते. शासकीय कागदपत्रांत याला ‘पूरक पोषण आहार’ म्हणतात. पूरक म्हणजे घरच्या जेवणाला जोड देणारा, त्याची जागा घेणारा नव्हे. शिजवून वाढलेल्या जेवणाला ‘गरम ताजा आहार’ हा शब्द रूढ आहे, तर सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या, अंगणवाडीत बसण्याइतपत न वाढलेल्या मुलांसाठी जे अन्न आईच्या हाती दिले जाते, त्याला ‘घरपोच आहार’ किंवा बोलीत ‘टीएचआर’ म्हणतात. आहाराचा दर्जा या शब्दात उष्मांक व प्रथिने यांचे प्रमाण, अन्नाची शुद्धता, स्वयंपाकातील स्वच्छता आणि चव या सगळ्यांचा समावेश होतो. तथापि वाढलेले अन्न मुलाने खाल्ले का आणि ते त्याच्या अंगी लागले का, हीच त्याची खरी कसोटी होय.

‘अंगणवाडी’ हा शब्द ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांच्या कार्यातून आला. बोर्डी येथे १९४५ मध्ये त्यांनी ग्राम बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले, आणि वाडीवस्तीवरची मुले बालवाडीपर्यंत येऊ शकत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी ते वाढवले. ही चळवळ मुळात शिक्षणाची होती. लहान मुलांना केंद्रात अन्न देण्याचा शासकीय कार्यक्रम नंतरचा आहे. १९७०-७१ मध्ये स्वयंसेवी संस्थांच्या बालवाड्यांमधून पोषण कार्यक्रम सुरू झाला व त्यात मुलामागे रोज ३०० उष्मांक देण्याचे ठरले. महाराष्ट्रात लागलीच १९७२ चा दुष्काळ आला आणि दुष्काळी कामांवरील मजुरांना सुकडी वाटली गेली. भाजलेले पीठ आणि गूळ यांची ही कोरडी, टिकाऊ, मूठभरच पण पोट धरून ठेवणारी वस्तू त्या पिढीच्या इतकी स्मरणात राहिली, की सार्वजनिक पोषण आहाराचे नाव निघाले म्हणजे राज्यातील वृद्धांना आजही आधी सुकडीच आठवते. घरपोच आहाराच्या पाकिटांतही शिरा व उपमा यांच्या जोडीला सुकडी पुढे टिकून राहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. ताराबाईंच्या कार्यातला ‘अंगणवाडी’ हा मराठी शब्द या योजनेच्या केंद्राला मिळाला आणि तो देशभर गेला. महाराष्ट्रात आज सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत.

आहार हा मुलांचा हक्क आहे, ही भूमिका न्यायालयीन लढ्यातून पक्की झाली. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अनेक वर्षे अंतरिम आदेश दिले. त्यांपैकी ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशाने अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यासाठी ठेकेदार नेमण्यास मनाई केली आणि हे काम गावपातळीवरील गट, बचतगट व महिला मंडळे यांच्याकडे देण्यास सांगितले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने प्रत्येक वस्तीतील प्रत्येक मुलापर्यंत ही सेवा नेण्याचे बंधन घातले. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ ने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना वयानुरूप मोफत आहार देणे कायद्याने आवश्यक केले. आहाराची मानके या अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात दिली असून २०२३ मधील सुधारणेने उष्मांक व प्रथिने यांच्या पलीकडे जाऊन स्निग्ध पदार्थ व सूक्ष्म पोषकद्रव्ये, म्हणजे लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे यांसारखी अल्प प्रमाणात लागणारी द्रव्ये, यांचाही त्यात विचार केला.

दीर्घकाळ लागू राहिलेल्या मानकानुसार तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून रोज ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, तर तीव्र कुपोषित मुलाला ८०० उष्मांक व २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे अपेक्षित होते. हा आकडा ताटात कसा दिसतो, हे समजून घेतल्याशिवाय दर्जाची चर्चा पोकळ राहते. ७५ ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ व ५ ग्रॅम तेल यांची खिचडी आणि अल्पोपहारात १५ ग्रॅम शेंगदाणे व १० ग्रॅम गूळ यांचा लाडू, एवढ्यात साधारण ५०० उष्मांक व १४ ग्रॅम प्रथिने भरतात. यातले ५ ग्रॅम तेल म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. पण त्याचे सुमारे ४५ उष्मांक होतात, आणि टंचाई पडली की पहिली काटछाट नेमकी त्या चमच्याचीच होते. डाळीचेही तसेच. तांदूळ तोच ठेवून डाळ निम्मी केली तर खिचडीचा रंग किंचित फिका पडतो, मुलांची पोटे भरलेली दिसतात आणि नोंदवहीत काहीच बदलत नाही. मात्र त्या दिवशी प्रत्येक मुलाला दोन ग्रॅमांहून अधिक प्रथिने कमी मिळतात.

लहान मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निर्णायक ठरते, ती म्हणजे अन्नाची घनता, अर्थात ठरावीक वजनाच्या अन्नात किती उष्मांक बसतात हे प्रमाण. एका वेळी पोटात मावणारे अन्न शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० ग्रॅम धरले जाते. म्हणजे १२ किलो वजनाचे मूल एका बैठकीत ३५० ग्रॅमच्या आसपासच खाऊ शकते. शंभर ग्रॅम कोरड्या जिनसांची खिचडी पाणी जास्त घालून पातळ केली तर ती अर्धा किलोपर्यंत फुगते. अशी खिचडी मूल संपवू शकत नाही आणि उरलेल्या भागासोबत त्याच्या हक्काचे उष्मांकही पातेल्यात राहतात. लापशी पातळ न करता मऊ करण्याचा उपाय भारतीय घरांत जुना आहे. नाचणी किंवा गहू भिजवून मोड आणून, वाळवून दळला, तर मोडातील विकरे, म्हणजे पिष्टाचे विघटन करणारी द्रव्ये, घट्ट पेजेला थोड्याच वेळात सैल करतात. पाणी न वाढवता ती गिळण्याजोगी होते आणि घनता शाबूत राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी या परंपरेचा शास्त्रीय अभ्यास करून मोडाच्या पिठाची चिमूटही पुरते हे दाखवले. असे असता अंगणवाडीच्या पाककृतींत नाचणीसत्त्वाला कायमचे व मानाचे स्थान नसावे, ही मोठी उणीव होय.

प्रथिनांचे प्रमाण जुळले तरी त्यांचा कस जुळतोच असे नाही. तांदूळ व गहू यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर असते, तर डाळीत उणे असलेली गंधकयुक्त अमिनो आम्ले धान्यात मिळतात. म्हणून वरणभात, खिचडी किंवा भाकरी-उसळ ही जोडी एकट्या भातापेक्षा खूप सरस ठरते. लोहाच्या बाबतीत पालेभाजी शिजवणे पुरेसे नसते. ताटावर लिंबाचे चार थेंब पिळले की त्यातील क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढते आणि जेवणाबरोबर चहा दिला की ते घटते. लहान मुलाला सकाळी चहात बुडवून बटर किंवा पोळी देण्याची सवय ग्रामीण व शहरी दोन्ही भागांत दिसते, त्यामुळे अंगणवाडी सेविकेने आईशी बोलताना काढायचा हा पहिला विषय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ५३.८ टक्के होते.

दर्जाचा प्रश्न शेवटी दरापाशी येऊन थांबतो. आहारासाठी दर मुलामागे रोज ठरलेली रक्कम २००९ च्या सुमारास ४ रुपये, २०१२ च्या सुमारास ६ रुपये आणि २०१७ च्या सुधारणेने ८ रुपये झाली. तीव्र कुपोषित मुलासाठी ती १२ रुपये ठरली. २५ मुलांच्या अंगणवाडीत ८ रुपयांच्या दराने दिवसाला २०० रुपये होतात. त्यात दोन वेळच्या खाण्याचा सगळा खर्च बसवायचा असतो. शेंगदाणे, तेल व डाळ यांचे भाव हंगामागणिक हलतात, दर मात्र वर्षानुवर्षे स्थिर राहतो. आणि बिल उशिरा निघाले तर बचतगटाला किराणा दुकानात उधारी करावी लागते. उधारीवर घेतलेली डाळ निवडून घेता येत नाही. निकृष्ट अन्नाचा दोष सर्रास स्वयंपाक करणाऱ्या बाईवर टाकला जातो, पण बहुतेक वेळा त्याचे मूळ या हिशेबात असते आणि त्या बाईला त्याची शिक्षा देणे अन्यायाचे आहे.

घरपोच आहारात अडचण वेगळी आहे. कारखान्यात भरलेले पाकीट वाहतुकीस सोपे, मोजमापात नेमके आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये मिसळण्यास सोयीचे असते. मात्र एकच चव महिनोन्‌महिने आली की मूल ते नाकारते, आणि मग पाकीट घरातल्या मोठ्यांच्या किंवा जनावरांच्या वाट्याला जाते. महाराष्ट्रात या पुरवठ्याच्या निविदांवरून दीर्घकाळ वाद चालला. महिला मंडळांच्या नावाआड मोठे पुरवठादार उभे राहतात, अशी तक्रार न्यायालयापुढे आली, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याची घरपोच आहाराची निविदा प्रक्रिया रद्द करून स्थानिक बचतगटांना वाव मिळेल अशा रीतीने ती नव्याने राबविण्यास सांगितले. लहान गटाच्या स्वयंपाकघरातही चुका होतात, परंतु तेथे स्वयंपाक करणारीचे स्वतःचे किंवा शेजारचे मूल त्याच पंगतीला बसलेले असते, आणि याहून चांगली तपासणी अद्याप कोणत्याही यंत्रणेला साधलेली नाही.

स्वच्छतेचे नियम साधे आहेत. अडचण ते रोज पाळण्याची आहे. शिजवलेले अन्न मुलांना वाढण्याआधी सेविकेने व शक्यतो एखाद्या पालकाने चाखणे अपेक्षित असते. शिजवलेला भात बराच वेळ उबदार राहिला तर त्यात जिवाणू वाढून उलट्या व जुलाब होऊ शकतात, म्हणून स्वयंपाक आणि पंगत यांत अंतर पडू नये, हा गरम ताज्या आहारामागील मूळ विचार. दमट कोकणात व पावसाळ्यात शेंगदाण्याला बुरशी धरते. या बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असून भाजल्यानेही पूर्ण नष्ट होत नाही, त्यामुळे काळपट, सुरकुतलेला वा कडवट दाणा वेचून टाकणे हाच उपाय उरतो. अखंड हरभरे व शेंगदाणे लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. मोठ्या भावंडाचे बोट धरून येणाऱ्या दीड-दोन वर्षांच्या मुलाला ते कुटूनच द्यावे लागतात. सुपात डाळ पसरून खडे वेचणारी, मुलांचे हात धुऊन घेणारी आणि शेवटच्या मुलाचे ताट रिकामे होईपर्यंत पातेल्यापाशी थांबणारी मदतनीस ही या सर्व व्यवस्थेतील सर्वांत कमी मानधनाची, पण दर्जाशी सर्वांत जवळची व्यक्ती आहे.

आहाराचा परिणाम वजन, उंची व दंडघेर यांवरून मोजला जातो. उंचीच्या मानाने वजन फार कमी असलेल्या मुलास ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित, आणि त्याहून सौम्य अवस्थेतील मुलास ‘मॅम’, म्हणजे मध्यम कुपोषित, म्हणतात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे आणि त्या सुमारास मेळघाटात झालेल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले आणि तीव्र कुपोषित मुलांना अंगणवाडीतच दिवसातून अनेक वेळा खाऊ घालणारी ग्राम बालविकास केंद्रे सुरू झाली. तरीही राष्ट्रीय पाहणीच्या चौथ्या व पाचव्या फेरीत राज्यातील पाच वर्षांखालील मुलांतील कमी वजनाचे प्रमाण अनुक्रमे ३६.० व ३६.१ टक्के, खुज्या वाढीचे ३४.४ व ३५.२ टक्के आणि लुकडेपणाचे दोन्ही वेळा २५.६ टक्के असेच राहिले. याला केवळ अंगणवाडीचे जेवण जबाबदार नाही. गर्भारपणातील आईचा आहार, दूषित पाणी, वारंवारचे जुलाब आणि स्थलांतर हीही कारणे आहेत. बीडच्या ऊसतोड कुटुंबांतील मुले दिवाळीनंतर कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, गेली की गावची अंगणवाडी मागे राहते आणि कारखान्याच्या तळाजवळच्या अंगणवाडीत त्यांचे नाव नसते. अशा मुलांच्या वाट्याला वर्षातले जवळपास सहा महिने पूरक आहार येत नाही.

आहाराचा दर्जा एका पदार्थाने सर्वाधिक उंचावण्याचा प्रयोग राज्यात झालेला आहे. २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देण्यासाठी सुरू झाली आणि २०१६ पासून त्याच भागातील सात महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस उकडलेले अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळी, देण्यात येऊ लागली. अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम कसाची प्रथिने असतात. ते कवचाआड असल्याने त्यात पाणी मिसळता येत नाही, निम्मे करून वाढता येत नाही, आणि मुलाने ते खाल्ले की नाही हे सेविकेला समोर दिसते. मुंबईच्या झोपडपट्टीतील किंवा मराठवाड्याच्या दुष्काळी गावातील मुलाची गरज यापेक्षा कमी नाही, पण ही तरतूद आदिवासी क्षेत्रापुरतीच करण्यात आली.