उभ्या रेघेची कुळकथा

नळदुर्गात शेतीचा कुठलाही व्यवहार निघाला की आधी सातबारा मागतात. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची याचा अभिलेख, नमुना बारा म्हणजे तीत काय पिकतं याची नोंदवही. दोन्ही एकाच कागदावर, रकान्यांच्या चौकटीत. खातेदाराचं नाव, क्षेत्र, आकार आणि पीक रेघांच्या आत असतात म्हणूनच कोणता आकडा कशाचा हे भांडण न होता वाचता येतं.

रेघ मात्र नेहमी शाईची नव्हती. जुन्या व्यापाऱ्यांच्या लाल बांधणीच्या कीर्द-खतावण्यांत छापील रकाने नसत. कागदाला उभ्या घड्या घालायच्या आणि पडलेल्या सळांच्या आधारानं रकमा मांडायच्या. सळ पुसत नाही, शाई फुकट जात नाही. आज कोणी हे नव्यानं शोधलं असतं तर त्याला बक्षीस मिळालं असतं.

छापील रकान्यांचा पसारा वाढला तो जमीनमोजणीमुळे. 1835 मध्ये कंपनी सरकारचे अधिकारी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात शेतवार मोजणी सुरू केली. शेताला नंबर आला की नंबराचा रकाना आला, त्यापाठोपाठ प्रतीचा आणि आकाराचा. नळदुर्ग तेव्हा निजामाकडे होतं. 1853 च्या तहानंतर हा मुलूख काही वर्षं इंग्रजांकडे आला आणि कारभार पाहायला नेमले गेले फिलिप मेडोज टेलर, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारे. कादंबरीकाराच्या वाट्याला महसुलाचे तक्ते आले! 1860 मध्ये जिल्हा पुन्हा निजामाकडे गेला.

संगणकाच्या काळ्या पडद्यावर हीच चौकट आली तेव्हा घडी घालायला कागद नव्हता. हाताशी होती फक्त टंकलेखनाची चिन्हं. 1963 च्या आस्की संकेतावलीवर वाढलेल्या यंत्रांत कोपऱ्याला अधिक, आडवीला वजा आणि उभीला दंड अशी सोय लावली गेली. बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी छपाईच्या तक्त्यांसाठी ‘टीबीएल’ लिहिलं. त्यात ‘ऑलबॉक्स’ म्हटलं की प्रत्येक घराभोवती रेघ. 1981 च्या आयबीएम पीसीत रेघांची वेगळी चिन्हंच होती. 1990 च्या दशकात आलेल्या मायएसक्यूएल या डेटाबेसनं मात्र पुन्हा साधं अधिक-वजाच उचललं, आणि तोच चेहरा आजही शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असतो.

शेलमध्ये, म्हणजे टंकलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, असा तक्ता काढणं अवघड नाही. मजकूर चाळणाऱ्या ‘ऑक’ या आज्ञेला माहिती दोनदा फिरवायला सांगायची: पहिल्या फेरीत प्रत्येक रकान्यातला सर्वांत लांब मजकूर शोधायचा, दुसऱ्या फेरीत त्या मापाच्या जागा सोडत छापायचं. वरची, मथळ्याखालची आणि शेवटची आडवी रेघ त्याच मापावरून निघते. नेमकी गडबड होते ती मापात.

‘नळदुर्ग’ हे नाव घ्या. वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात: न, ळ, दु, र्ग. युनिकोडच्या हिशेबानं उकार आणि हलन्त धरून सात चिन्हं. यूटीएफ-8 मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन, म्हणजे एकवीस बाइट. उकार आणि हलन्त शून्य रुंदीचे धरले तर पडद्यावरची घरं पाच. एका नावाची चार मापं! बॅश या शेलमधला मजकूर छापणारा साधा प्रिंटएफ यांतलं बाइटांचं माप धरतो. रकाना बारा घरांचा ठेवला तर त्याच्या लेखी नाव आधीच रकान्यापेक्षा मोठं, म्हणून एकही जागा न सोडता तो पुढची रेघ ओढून मोकळा होतो. खालच्या ओळीत ‘पुणे 1234’ असा आकडेमिश्रित मजकूर आला की त्याचेही सतरा बाइट भरतात, तिथेही जागा सुटत नाही, आणि दोन्ही ओळींची पडद्यावरची लांबी वेगळी असल्यानं चौकट वाकडी होते.

प्रोग्रामर यावर दोन वाटा काढतात. एक, पायथन किंवा पर्लच्या मदतीनं पडद्यावरची रुंदी मोजायची आणि जागा स्वतः भरायच्या. तरीही ‘र्ग’सारखं जोडाक्षर किती घरांत काढायचं याबाबत टर्मिनल आणि फॉन्ट एकमत करतीलच असं नाही. दुसरी वाट सोपी: सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार असे आकड्यांचे रकाने आधी, गावाचं नाव अगदी शेवटी, आणि त्याच्या उजवीकडची रेघ काढायचीच नाही.