अडलेल्या घासाची साडेतीन शतकं

ऑक्सफर्डमध्ये वैद्यकी केलेल्या थॉमस विलिस यांनी १६७४च्या आपल्या ग्रंथात एका रुग्णाची हकिकत लिहून ठेवली आहे. खाल्लेलं अन्न जठराच्या तोंडाशी अडायचं आणि उलटून पडायचं. विलिस यांनी त्याला देवमाशाच्या जबड्यातली लवचीक पट्टी दिली, तिच्या टोकाला स्पंजाचा बोंडा बांधला. जेवण झालं की ती घशातून आत सारायची आणि घास खाली ढकलायचा. हा उद्योग त्या गृहस्थाने पंधरा वर्षं केला आणि तो जगला!

या आजाराला आज अ‍ॅकॅलेझिया म्हणतात. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा झडपेसारखा स्नायू गिळताना सैल पडायला हवा, तो पडत नाही. १९१३मध्ये लाइपझिगच्या अर्न्स्ट हेलर यांनी पोट उघडून हा स्नायूच उभा छेदला. आतलं अस्तर मात्र त्यांनी शाबूत ठेवलं. इलाज चोख होता, पण त्यासाठी रुग्णाला मोठी चीर सोसावी लागे.

चीर टाळायची तर तोंडावाटे आत उतरायला हवं, आणि आत दिसायलाही हवं. १८६८मध्ये फ्रायबुर्गचे डॉक्टर कुसमाउल यांनी चक्क तलवार गिळणाऱ्या कसरतपटूला गाठून त्याच्या घशात ४७ सेंटिमीटरची सरळ नळी उतरवली. नळी गेली, पण दिव्याचा उजेड पुरेना. ती अडचण सुटायला आणि नळी वाकायला बराच काळ जावा लागला. १९५४मध्ये पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे लंडनमधले गुरू हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचतंतूंच्या जुडीतून चित्र नेऊन दाखवलं. तीनच वर्षांत अमेरिकेत बेझिल हिर्शोविट्झ यांच्या हाती वाकणारी दुर्बीण आली. तिचा पहिला प्रयोग त्यांनी स्वतःच्याच घशावर केला, हे विशेष.

तरीही स्नायू आतून कापायला डॉक्टर बिचकतच. अन्ननलिकेला भोक पडलं तर छातीत जंतुसंसर्ग, म्हणजे जिवावरचं दुखणं. १९८०मध्ये ओर्तेगा नावाच्या डॉक्टरांनी १७ रुग्णांवर तसं करून पाहिलं, पण ती वाट फारशी कुणी धरली नाही. कोडं सुटलं ते भुयाराने. पंकज पसरिचा आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये डुकरांवर दाखवलं, की अस्तराला वर छोटा छेद द्यावा, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून खाली सरकावं, तिथे स्नायू कापावा. छेद आणि काप एकमेकांसमोर येतच नाहीत. परतताना वरचं तोंड क्लिपांनी मिटवायचं. २००८मध्ये जपानमध्ये योकोहामाच्या हारुहिरो इनोउए यांनी हेच माणसावर केलं आणि त्याला ‘पोएम’ हे नाव दिलं.

याचा हिशेबही झाला आहे. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२१ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत, दोन वर्षांनंतर पोएम ८३ टक्के रुग्णांत यशस्वी ठरलं, तर दुर्बिणीतून पोटावाटे केलेली हेलर शस्त्रक्रिया ८१.७ टक्के. मात्र आम्ल वर येऊन अन्ननलिकेला सूज येण्याचं प्रमाण पोएमनंतर ४४ टक्के, शस्त्रक्रियेनंतर २९ टक्के होतं. हेलर शस्त्रक्रियेत जठराचा भाग गुंडाळून आम्ल अडवता येतं. पोएममध्ये ती सोय नसते. म्हणून पोएम झालेल्या अनेकांना आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घ्याव्याच लागतात.