बोरघाटांतील नाताळ

नाताळ हा शब्द आपल्या भाषेंत इंग्रजांनीं आणला नाहीं, तो पोर्तुगीजांचा. इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई त्यांच्या अंमलाखालीं होती. त्या काळांत वसई-साष्टीच्या आगरांतून व कोळीवाड्यांतून हा सण रुजला, आणि तिकडील ख्रिस्ती कुटुंबांनीं तो आपल्या मराठी बोलींतच साजरा केला. चिमाजी आप्पांनीं वसई घेतली तेव्हां पोर्तुगीज गेले, पण नाताळ राहिला व त्याचें नांवही राहिलें. किनाऱ्यावर इतका जुना असलेला हा पाहुणा सह्याद्री चढून मावळांत येण्यास मात्र एकोणिसावें शतक अर्धें उलटावें लागलें. तो धर्मोपदेशकाचें बोट धरून आला असेल असें सहज वाटतें. परंतु बोरघाटाचा इतिहास पाहिला तर तो आला लोखंडी सडकेबरोबर, आणि येतांना आजारपणाला सोबत घेऊन आला. पुढें लोणावळ्याचा नाताळ व लोणावळ्याची हवा यांची जी जोडी मध्यम वर्गाच्या मनांत कायमची बसली, तिचें मूळ येथें आहे.

घाटाची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं १८३० च्या नोव्हेंबरांत बोरघाटांतून गाड्यांचा रस्ता खुला केला. त्यापूर्वीं बैल, तट्टें आणि माणसांचे खांदे एवढींच काय तीं वाहनें. पुढें १८५६ त आगगाडी घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस पोंचली, आणि १८५८ च्या जूनमध्यें घाटमाथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत धांवूं लागली. मधला घाट मात्र तसाच होता. उतारूंनीं खोपोलीस उतरावें, पालखी, डोली किंवा तट्टू मिळवावें, घाट चढावा आणि खंडाळ्यास पुन्हां गाडींत बसावें. १८५८ पासून १८६२ पर्यंतचे पांच नाताळ असे गेले. ज्या कुटुंबांत दुखणाइत असे, त्याला तर हा प्रवास म्हणजे परीक्षाच. भोयांनीं खांदा बदलला कीं डोलींतलें माणूस कण्हे. आणि घरचें माणूस शेजारून पायीं चालत असे.

या मधल्या घाटांत त्याच वेळीं काय चाललें होतें? १८५६ च्या आरंभीं काम सुरू झालें. पावसाळ्यांत घाट कोणास उभें राहूं देत नसे. तेव्हां खडक फोडण्याचा खरा हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंतचा. म्हणजे नाताळ ऐन हंगामांत येई. हजारों मजूर बायकामुलांसह डोंगराच्या कडेला खोपटीं घालून राहत. पहिला कंत्राटदार फेव्हिएल याच्या अमदानींत, १८५९ च्या जानेवारींत, मजुरीच्या पैशांवरून मोठा दंगा झाला, आणि त्याच वर्षीं त्यानें काम सोडलें. नवा करार सॉलोमन ट्रेडवेल नांवाच्या इंग्रज कंत्राटदारानें घेतला. तो पत्नीसह मुंबईस उतरला आणि थोड्याच आठवड्यांत आजारी पडून वारला.

आतां या बाईची स्थिति पाहा. परका देश, नवरा गेलेला, समोर सह्याद्रीचा कडा, आणि कंपनीशीं झालेला करार अपुरा. करार रद्द करून परत जाण्याचा मार्ग तिला मोकळा होता, व कोणीं तिला दोषही दिला नसता. ॲलिस ट्रेडवेल हिनें तसें केलें नाहीं. तिनें करार पुरा करण्याची जबाबदारी स्वतः पत्करली, ॲडम्सन व क्लाउझर या दोघां अनुभवी माणसांच्या हातीं प्रत्यक्ष कामाची व्यवस्था सोंपविली, आणि घाट पुरा करून दाखविला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यांत, विलायतेंतही विवाहित स्त्रीला स्वतःच्या नांवें मालमत्ता ठेवण्याची मोकळीक नव्हती, त्या काळांत एका विधवेनें हिंदुस्थानांतील सर्वांत अवघड रेल्वेचें कंत्राट चालवावें ही गोष्ट लहान नाहीं. तिच्या नांवानें ओळखला जाणारा बोरघाटाच्या छायाचित्रांचा एक संग्रहही आहे. १८५९ चा नाताळ या घराला कसला आला असेल हें सांगावयास नको. पण त्याच डिसेंबरांत सुरुंगाचे बार चालू होते.

घाटांतील दुःख एकाच घराचें नव्हतें. १८५९-६० मध्यें पटकीनें मजुरांच्या वस्त्यांत थैमान घातलें. १८६१ त घाटावर खपणाऱ्या माणसांची संख्या ४२ हजारांवर गेली होती. एवढी माणसें, पाण्याचे थोडे झरे, आणि सगळ्यांचा तेथेंच संसार. पटकीला आणखी काय हवें? रेल्वेचा पहिला मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले याची प्रकृति या कामांत पार ढांसळली. तो विलायतेस परतला आणि १८६२ च्या ऑगस्टांत वारला. ज्या घाटाचा आराखडा त्यानें आंखला त्यावरून गाडी चढतांना पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रीयर यांच्या हस्तें घाट खुला झाला. लांबी सुमारें १६ मैल, चढ १,८३१ फूट, बोगदे २५. हे आंकडे पाठ्यपुस्तकांतही सांपडतात. बर्कलेचें नांव थोड्यांस ठाऊक आहे, ट्रेडवेल बाईचें त्याहून थोड्यांस. आणि जे हजारों मजूर मेले त्यांची नांवें कोणत्याच दगडावर नाहींत. इतिहासाच्या या सोयिस्कर विस्मरणाचा आम्हांस नेहमीं राग येतो.

घाट झाला आणि लोणावळें जन्मलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. घाट उतरणाऱ्या-चढणाऱ्या इंजिनांसाठीं तेथें शेड व कारखाना आला. इंजिनांच्या पाण्यासाठीं भुशीचें धरण बांधलें गेलें. ड्रायव्हर, गार्ड, फिटर यांच्या चाळी व बंगल्या उभ्या राहिल्या. १८८५ च्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटिअरांत लोणावळ्याचें जें वर्णन आहे त्यांत प्रॉटेस्टंट व रोमन कॅथलिक अशीं दोन प्रार्थनामंदिरें, रेल्वेची शाळा, फ्रीमेसन मंडळींचें लॉज आणि सहकारी दुकान यांची नोंद आहे. एका लहानशा मावळी गांवाच्या कडेला वीस-बावीस वर्षांत उगवलेलें हें दुसरें गांव. येथें नाताळ हा सरकारी सुट्टीचा दिवस नसून घरचा सण होता. तरी गाड्या थांबत नसत. ज्याची पाळी असेल तो ड्रायव्हर मेजवानीच्या ताटावरून उठून घाट उतरावयास जाई, आणि घरचीं माणसें शिटी ओळखून त्याच्या परतण्याची वाट पाहत. मावळच्या शेतकऱ्यांचा यांत भाग होता तो कोंबड्या, अंडीं, दूध व गवत पुरविण्याचा. भात झोडून झालेलें असे, हात मोकळे असत, आणि डिसेंबरांत साहेबाच्या चाळींत कोंबडीला चांगला भाव येई.

या चाळींत आणखी एक प्राणी मानाचा होता, तो म्हणजे कुत्रा. आपल्याकडे कुत्र्याचें प्रेम नवें नाहीं. खंडोबाबरोबर कुत्रें आहे, दत्तात्रेयाच्या पायांशीं चार आहेत. सातारच्या शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधि संगम माहुलीस आजही दाखवितात. पण मावळांतील कुत्रें ओसरीपर्यंतच येतें. साहेबाचें कुत्रें थेट खाटेखालीं निजे. मुंबईच्या उकाड्यांत धापा टाकणाऱ्या विलायती कुत्र्याला घाटमाथ्याची थंडी मानवे, म्हणून सुट्टीवर येणारीं कुटुंबें त्याला बरोबर आणीत. तो गार्डाच्या डब्यांतील कुत्र्याच्या पेटींत बसून येई, त्याचें वेगळें भाडें पडे, आणि पेटींतून त्याचें रडणें सुरू झालें कीं मुलें जागेवर स्वस्थ बसत नसत. खंडाळ्यास बंगले बांधणाऱ्या पारशी गृहस्थांना तर कुत्रा परका नव्हताच. त्यांच्या अंत्यविधींतदेखील त्याची दृष्टि पवित्र मानली आहे. मात्र घाटाचें रान बिबळ्याचें, आणि बिबळ्याला कुत्र्यासारखें दुसरें पक्वान्न नाहीं. दिवेलागणीनंतर कुत्रा आंत घेतला नाहीं तर सकाळीं नुसता पट्टा सांपडायचा.

बिबळ्यापेक्षां भयंकर शत्रु दुसराच होता. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर पाश्चरनें १८८५ त माणसावर प्रथम लस वापरली. पण हिंदुस्थानांत तिची संस्था निघावयास १९०० साल उजाडलें, आणि तीही दूर कसौलीस, हिमालयाच्या पायऱ्यांवर. त्यानंतरही कित्येक वर्षें लोणावळ्यास एखाद्या मुलाला असा दंश झाला, तर बापानें त्याला घेऊन आगगाडीनें सारा उत्तर हिंदुस्थान ओलांडावा. परळच्या हाफकिन संस्थेंत ही सोय झाल्यावर तें हाल संपले. प्रेमाचा प्राणी आणि प्राणभय एकाच उंबरठ्यावर असत, हें आजच्या वाचकाला चटकन् ध्यानांत येत नाहीं.

मराठी सुशिक्षितांचा या नाताळाशीं संबंध धर्माचा नव्हे, पंचांगाचा. कोर्टें, कचेऱ्या, शाळा या आठवड्यांत बंद, म्हणून सभा-परिषदांना हाच काळ सोयीचा. राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन १८८५ च्या नाताळांत पुण्यास भरावयाचें ठरलें होतें. पाहुण्यांची तयारी झाली, आणि पुण्यांत पटकी उद्भवली! अधिवेशन २८ डिसेंबरास मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत भरलें. घाट चढून वर यावयाची ती मंडळी खालींच राहिली, आणि एका रोगानें राष्ट्रीय सभेचें जन्मस्थान बदललें. पुण्याची ही हुकलेली संधि आम्हां पुणेकरांना अजून थोडी बोंचते. तिच्यामागें रोग होता, कोणाचा कट नव्हता, एवढें मात्र कबूल केलें पाहिजे.

अकरा वर्षांनीं याहून मोठें संकट आलें. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस ग्रंथिज्वर निश्चित झाला, आणि तो नाताळ म्हणजे पळापळीचा. नंतरच्या थोड्या महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. आगगाडीचे डबे भरभरून चालले. स्थानकांवर डॉक्टर उतारूंच्या कांखा व जांघा तपासूं लागले. घर सोडावें, माळावर झोपडी घालावी, हा या रोगानें शिकविलेला धडा. लोणावळें-खंडाळ्याची मोकळी हवा ही चैन न राहतां गरज झाली ती याच वर्षांत.

या ग्रंथिज्वरानें घरांतल्या एका उपेक्षित प्राण्याचें भाग्य उजळलें. रोग उंदराच्या पिसवेमुळें पसरतो हें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पक्कें झालें, आणि वऱ्हाडांत नोकरीस असलेल्या बुकॅनन नांवाच्या सरकारी डॉक्टरानें १९०८ त मांजराचा पक्ष घेतला. ज्या वस्त्यांत मांजरें पुष्कळ तेथें प्लेग कमी, असें त्यानें इंग्रज डॉक्टरांच्या नियतकालिकांत आग्रहानें मांडलें. पिसवा मांजराच्याही अंगावर चढतात, आणि मांजरही या रोगानें आजारी पडतें व तो माणसाला देऊं शकतें, हें आतां ठाऊक असल्यामुळें त्याचा उपाय कोणी जसाच्या तसा सांगणार नाहीं. परंतु चुलीच्या उबेला निजणाऱ्या मनीला शास्त्राचें शिफारसपत्र मिळालें, ही गंमत थोडी नाहीं. मांजराला हवापालटीस नेण्याचा प्रयत्न मात्र कोणीं करूं नये. कुत्रा माणसाबरोबर घर बदलतो. मांजर घराशीं लग्न लावतें.

१९१८ चा नाताळ महायुद्ध थांबल्यानंतरचा पहिला. आनंदाचा व्हावा, पण त्याआधीं दोन-तीन महिने इन्फ्लुएंझानें एकट्या मुंबई इलाख्यांत दहा लाखांहून अधिक माणसें नेलीं होतीं. त्यांत तरणींताठीं फार. अशा घरांतून वांचलेलीं माणसें खोकला घेऊन घाटावर येत, उन्हांत खुर्ची टाकून बसत, आणि डॉक्टर ‘हवा’ म्हणजे औषध असल्यासारखें तिचें नांव घेत. क्षयावर खात्रीचें औषध निघेपर्यंत, म्हणजे १९४० नंतरपर्यंत, हवा, दूध व विश्रांति याहून अधिक कोणाजवळ कांहीं नव्हतेंच. १९२४ त स्वामी कुवलयानंदांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें व प्राणायामाची प्रयोगशाळेंत परीक्षा आरंभिली. श्वासाच्या शास्त्राला त्यांनीं याच गांवीं घर दिलें हें आम्हांस फार शोभून दिसतें.

१९२९ त विजेची गाडी आली, आणि ज्या ठिकाणीं इंजिन एका टोंकाचें काढून दुसऱ्या टोंकाला लावावें लागे तें घाटांतलें उलटें स्थानक वगळलें गेलें. वाफेचीं इंजिनें गेलीं, त्यांबरोबर पाळीचे ड्रायव्हर आणि त्यांच्या चाळींतले नाताळही बहुतेक गेले. इंजिनांच्या तहानेसाठीं बांधलेल्या भुशीच्या धरणावर आतां पावसाळ्यांत माणसांची तहान भागते. डिसेंबरांत तेथें शांतता असते. त्या आठवड्यांत मुंबई-पुण्याचीं कुटुंबें मोटारींनीं घाटमाथ्यावर येतात. मागच्या बांकावर आजी, तिच्या मांडीवर औषधांचा डबा, आणि खिडकींतून तोंड बाहेर काढलेलें कुत्रें.